बोटीवर आजारी पडलेला माणूस कुणाचा?

दापोली-गुहागरकडचा मुलगा बोटीवर निघाला की सगळे विचारतात, पगार किती, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, डॉलरचा भाव काय. तिकडे आजारी पडलास तर कोण बघणार, हे कुणी विचारत नाही. जाणाऱ्याला असं विचारणं अपशकुनी वाटतं. हा प्रश्न घराघरांत विचारला गेला पाहिजे, तोही सही करायच्या आधी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गेल्या कॉन्ट्रॅक्टला मी बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, फिटर होतो. ब्राझीलच्या सांतोसला सोयाबीन भरून चीनकडे निघालो होतो. केप ऑफ गुड होप मागे पडलं आणि माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. मालवाहू बोटीवर डॉक्टर नसतो, हे घरच्यांना सहसा माहीत नसतं. शंभर किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या परदेशी सफरीला जाणाऱ्या बोटीवरच डॉक्टर सक्तीचा आहे. आम्ही वीस-बावीस जण. औषधांचं कपाट सेकंड मेटच्या, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याच्या, ताब्यात.

आमचा सेकंड मेट तुतिकोरिनचा, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्याने मला आडवं केलं, पोटाच्या उजव्या बाजूला खाली बोटं हळूहळू दाबली आणि झटकन उचलली. दाबताना दुखलं त्यापेक्षा सोडताना जास्त दुखलं, मी ओरडलोच. त्याला तेच बघायचं होतं. नाडी, ताप, उलट्या, लघवी, सगळं लिहून त्याने रोमला पाठवलं. तिथे सीआयआरएम नावाची संस्था आहे. बोट कुठल्याही देशाची असो, १९३५ पासून ती समुद्रावरच्या माणसांना फुकट वैद्यकीय सल्ला देते. उत्तर आलं: अपेंडिक्सचा दाट संशय, तोंडाने काही देऊ नका, अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू करा, जवळचं बंदर गाठा.

कॅप्टनने दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनकडे बोट वळवली. भरलेली बोट वाट सोडून गेली की इंधन आणि वेळ मिळून हजारो डॉलर जातात. पण त्याबद्दल एक शब्द कुणी माझ्या कानावर येऊ दिला नाही.

पाणी बंद होतं, ओठ फुटत होते. फिलिपिनो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आपली ड्युटी संपवून माझ्या बंकशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि ओला कापूस ओठांवरून फिरवायचा. त्याचं इंग्रजी तुटकं, माझंही तसंच, त्यामुळे बोलणं फार व्हायचं नाही. चीफ कुक रत्नागिरीचा. घरी फोन त्याने केला. "वहिनी, त्याच्या पोटाचं ऑपरेशन करायला लागणार आहे. बोट बंदराकडे निघालीय. तुमच्यापासून काही लपवत नाही, रोज मी स्वतः फोन करीन." आणि त्याने खरंच रोज केला. माझी बायको आजही म्हणते की त्या दिवसांत तिला झोप लागली ती त्या फोनमुळे.

बंदराबाहेर बोटी नांगर टाकून थांबतात तिथून लाँचने मला उतरवलं. धक्क्यावर एजंट अँब्युलन्स घेऊन उभा. खासगी हॉस्पिटलात दाखल करून घेण्याआधी पैशांची हमी मागतात. ती आमच्या बोटीच्या विमा क्लबच्या, म्हणजे बोटमालकांनी मिळून चालवलेल्या विमा संस्थेच्या, तिथल्या प्रतिनिधीने लेखी दिली. अपेंडिक्स तोवर फुटलं होतं. ऑपरेशन त्याच रात्री झालं.

वॉर्डातली एक मदतनीस भारतीय वंशाची होती. १८६० पासून ऊसमळ्यांवर मद्रासकडून मजूर नेले गेले, त्यांतल्याच कुणाची तरी पणती. तिला हिंदीही येत नव्हती, पण डॉक्टरांनी खायला परवानगी दिल्यावर तिने घरून पातळ डाळ आणि मऊ भात आणला आणि मी संपवेपर्यंत उभी राहिली. खलाशांच्या मिशनचा पाद्रीही यायचा. धर्म विचारला नाही, सिमकार्ड दिलं, दाढीचं सामान दिलं.

ही माणसं मी मरेपर्यंत विसरणार नाही. तरीही ठामपणे सांगतो, मी वाचलो तो माणसांच्या चांगुलपणाआधी कागदामुळे, म्हणजे सही केलेल्या करारामुळे.

आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा आखातात टगबोटीवर गेला. ज्याने पाठवलं त्याच्याकडे परवाना नव्हता, घरच्यांनी त्याला कर्ज काढून पैसे दिले होते. मुलाला कावीळ झाली. मालकाने त्याला बंदरावर उतरवलं आणि फोन उचलणं बंद केलं. त्याच्याही आजूबाजूला चांगली माणसं होती. खोलीतल्या केरळच्या आणि उत्तर प्रदेशच्या पोरांनी वर्गणी काढून औषधं आणली, तिकीट काढलं. पण वर्गणीतून मोठं ऑपरेशन होत नाही. माझं दुखणं त्याला झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही मला करवत नाही.

सागरी कामगारांसाठी एमएलसी २००६ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो २०१३ पासून लागू आहे आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. कॉन्ट्रॅक्टवर असताना आजार झाला तर उपचार, राहणं-जेवण आणि घरी पोचवण्याचा खर्च मालकाचा. ही जबाबदारी किमान सोळा आठवडे असते. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत, हेही त्यातच आहे. कोविडमध्ये कित्येक बंदरांनी आजारी खलाशांनाही उतरू दिलं नाही. त्यानंतर दुरुस्ती झाली. तातडीचे उपचार लागणाऱ्या माणसाला लगेच उतरवून घेणं ही आता बंदराच्या देशाची जबाबदारी आहे. डिसेंबर २०२४ पासून ती लागू झाली.

कायदा असूनही पोरं दुखणं लपवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. साईन ऑफ केलं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट अर्धवट सोडून उतरलं, तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार नाही, घराचा हप्ता थांबेल, ही भीती असते. छातीत दुखत असताना गॅसची गोळी खाऊन ड्युटीला जाणारे असतात. त्यांना दोष देऊ नये. पण घरच्यांनी फोनवर एवढं तरी म्हणावं, की हप्त्याचं आम्ही बघू, तू सेकंड मेटला सांग.

आणि निघण्याआधी बघा: एजन्सीचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या वेबसाइटवर आहे का, करारावर बोटीचं आणि मालकाचं नाव आहे का, आजारपणाचं कलम आहे का, युनियनचा करार लागू आहे का. कराराची एक प्रत घरी ठेवून जा. पैसे मागितले तर तिथेच उठा.

मी सध्या घरीच आहे. करार इंग्रजीत असतो, बारीक अक्षरात असतो, समजत नाही असं बरेच जण सांगतात. दापोलीत असाल तर घेऊन या, बसून वाचू. लांब असाल तर फोटो पाठवा, मी रात्री फोन करतो.