पश्याला देशच नको झाला होता

व्हिसावरून पेटलं सगळं. पश्याचा व्हिसा दुसऱ्यांदा रिजेक्ट झाला, कारण काय तर तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही, आणि फी गेली ती गेलीच. संध्याकाळी नागपूरच्या शंकरनगर चौकातल्या टपरीवर आला तोच तापलेला. खर्रा (आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा घोटलेला माल) घोटता घोटता म्हणतो, "लाथ मारतो मी या पासपोर्टले. नागरिकत्वच सोडून देतो ना बे, कोणाच्या बापाचं काय जाते? आपण जगाचे नागरिक."

आमच्या कट्ट्यावर असं कोणी काही बोललं की बाकीचे त्याला समजवत नाहीत, आधी अजून चढवतात. बाल्या म्हणाला, सोड सोड, लोकं सोडूनच राहिले, 2022 मध्ये सव्वादोन लाख भारतीयांनी सोडलं, संसदेत आकडा दिला होता सरकारने. त्यावर वकील (आमचा वकील खरंच वकील आहे, जिल्हा कोर्टात बसतो, केसेस कमी असतात म्हणून कट्ट्यावर जास्त बसतो) म्हणाला, "अबे ते सोडणारे दुसरा पासपोर्ट खिशात टाकून सोडतात. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, बाहेरचं घेतलं की इथलं संपते. हा तर काहीच न घेता सोडतो म्हणून राहिला."

पण पश्या तयारी करून आला होता. रात्रभर मोबाईलवर वाचत बसलेला. त्याने गॅरी डेव्हिस काढला.

हा गॅरी डेव्हिस म्हणजे अमेरिकन गडी, बाप बँडवाला, हा स्वतः ब्रॉडवेवर नट, मग दुसऱ्या महायुद्धात बी-17 बॉम्बर उडवले, जर्मनीवर बॉम्ब टाकले, सख्खा भाऊ युद्धात गेला, आणि या सगळ्याचं त्याच्या डोक्यात असं काही झालं की 25 मे 1948 ला पॅरिसमधल्या अमेरिकन वकिलातीत जाऊन नागरिकत्व सोडूनच बाहेर आला. आता फ्रान्स म्हणे तुझे कागद दाखव नाहीतर नीघ. तेव्हा संयुक्त राष्ट्रांची आमसभा पॅरिसमध्येच भरणार होती, पॅले द शायो नावाच्या इमारतीत, आणि तेवढी जागा आंतरराष्ट्रीय ठरवलेली, तर हा पठ्ठ्या त्या पायऱ्यांवर जाऊन झोपला, की बघा मी आता फ्रान्समध्ये नाहीच! नोव्हेंबरात तर भर सभेत उठून भाषण सुरू केलं, बाहेर काढला. काम्यूसारखा लेखक त्याच्या बाजूने उभा राहिला. पुढे याने स्वतःच जागतिक पासपोर्ट छापायला घेतले.

"आणि त्याच इमारतीत," पश्या बोट नाचवत म्हणाला, "10 डिसेंबरले मानवी हक्कांचा जाहीरनामा पास झाला. कलम 15."

वकिलाला हे आयतंच मिळालं. "वाच ना मग ते पूर्ण. प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, ते कोणी मनमानी करून काढून घेऊ नये, आणि ते बदलायचा हक्क नाकारू नये. बदलायचा, राजा. टाकून देऊन मोकळं व्हायचा नाही."

मग त्याने इंग्लंडचं सांगितलं, ते मला भारी वाटलं. तिथे तुम्ही दुसरं मिळणार आहे म्हणून ब्रिटिश नागरिकत्व सोडलं आणि सहा महिन्यांत दुसरं मिळालंच नाही तर ते सोडणंच रद्द, म्हणजे तुम्ही कधी सोडलंच नव्हतं असं धरतात. 1961 चा एक आंतरराष्ट्रीय करारच आहे की असा कोणी बिनदेशाचा होऊ देऊ नका. त्याच्यावर ना भारताची सही ना अमेरिकेची. अमेरिका सोडू देते, फक्त आधी लिहून घेते की बाबा तू कोणत्याच देशाचा राहणार नाहीस, फिरता येणार नाही, समजलं ना, कर सही.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"नागरिकत्व कायदा 1955, कलम 8. आधी त्यात लिहिलं होतं, जो दुसऱ्याही देशाचा नागरिक आहे त्याले सोडता येते. 2003 च्या दुरुस्तीत ते शब्दच उडवले. म्हणजे नुसतं कलम वाचलं तर पश्या अर्ज करू शकते. युद्ध सुरू असलं तर मात्र नोंदणी अडकवून ठेवतात."

"पाहा!" पश्या.

"पाहा काय? ज्या दिवशी नोंदणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कोण? कायद्यात परदेशी म्हणजे जो भारताचा नागरिक नाही तो, बस. तू परदेशी. धंतोलीत, आजोबाच्या घरात, त्याच गादीवर झोपलेला परदेशी. व्हिसा पायजे तुले तिथं राहायले. आणि व्हिसा चिकटवायचा कशावर, पासपोर्ट तर तू जमा केला."

इथे आम्ही सगळे हसलो. पश्या नाही हसला, म्हणे आइन्स्टाइनने पण सोडलं होतं. खरं आहे ते, 1896 मध्ये सोडलं, सोळा वर्षांचा होता, सैन्यात जायचं नव्हतं, पुढची पाच वर्षं कुठलाच नाही, मग 1901 मध्ये स्वित्झर्लंडचा झाला. वकील म्हणाला आइन्स्टाइन सांगतो तर मार्क्सचं पण सांग. त्याने 1845 मध्ये प्रशियाचं सोडलं, 1874 ला लंडनमध्ये ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केला, त्यांनी नाही म्हटलं, आणि गडी तसाच मेला.

विक्की इतका वेळ गप्प होता. विक्की जरीपटक्याचा, सिंधी, कपड्यांचं दुकान आहे, वादात पडत नाही सहसा. एकदम म्हणाला, "तुमचा तो डेव्हिस पायऱ्यांवर झोपला तर फोटो निघाले. माझा मौसाजी झोपला असता तर ठाण्यात नेला असता."

त्याचे मौसाजी पाकिस्तानातल्या सिंधमधून आले, व्हिसावर, नागपुरात राहिले ते राहिलेच. लाँग टर्म व्हिसा, मुदत संपली की पुन्हा अर्ज, शहराबाहेर लग्नाला जायचं तर परवानगी. आणि गंमत म्हणजे ज्या देशातून पळून आले त्याच देशाचा पासपोर्ट पैसे भरून रिन्यू करत राहायचं, कारण तो संपला तर हातात काहीच नाही. नागरिकत्वाचा कागद मिळाला त्या दिवशी ते कलेक्टर ऑफिसमधून निघाले ते घरी नाही गेले, आधी झेरॉक्सच्या दुकानात. वीस कॉप्या काढल्या. मूळ कागद लॅमिनेट करायला दिला तर दुकानवाला म्हणे काका सरकारी कागद लॅमिनेट नका करू, तर त्याच्याशी भांडले. "वीस कॉप्या," विक्की म्हणाला, "कपाटात, तिजोरीत, दुकानात, एक माझ्याकडे पण ठेवली आहे. आणि हा इथं खर्रा खाऊन सोडून देतो म्हणते."

टपरीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही, नुसता घोटायचा आवाज.

मीच मग विषय वाढवला, चूक केली की बरोबर माहीत नाही. मी दर हिवाळ्यात तिबेटी मार्केटमध्ये एकाच माणसाकडून स्वेटर घेतो. माझ्याच वयाचा आहे, चाळिशीचा, जन्म इथलाच, गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतला, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतो. त्याने एकदा आरसी, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचा दाखला, दाखवली होती, त्याची मुदत संपत आली की नवी करायची, आणि परदेशात जायचं तर पासपोर्टऐवजी ते पिवळं पुस्तक. आता 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 मध्ये इथे जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय, दिल्ली हायकोर्टाने तिबेट्यांच्या बाबतीतही तेच म्हटलंय, 2017 पासून पासपोर्ट पण देतात. फक्त तेव्हा अट घातली होती की आरसी, पिवळं पुस्तक परत द्यायचं आणि वसाहतीतलं घर सोडायचं. मी त्याला विचारलं, काढत का नाहीस? तो स्वेटरची घडी घालत म्हणाला, "आमच्यातले सगळेच काढून बसले, तर मग तिबेटी म्हणून उरलं कोण?"

पश्या उसळला. "म्हणजे तो पण नाहीच म्हणून राहिला ना! मग मी काय वेगळं म्हणतो?"

"त्याले देश पायजे," विक्की म्हणाला, "त्याचा मिळून नाही राहिला म्हणून तुझा घेत नाही. तुले तर कोणताच नको."

हे पश्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलं नाही, कारण डेव्हिसला पण काहीतरी पाहिजेच होतं, सगळ्यांचा मिळून एक देश. वेडा असेल पण फुकटचा नाटकी नव्हता. बाल्याने विचारलं त्याचं पुढं झालं काय. तर अनेकदा जेलमध्ये जाऊन आला, आणि 1977 मध्ये स्वतःच छापलेल्या पासपोर्टवर अमेरिकेत उतरला. तिथल्या कोर्टाने 1979 मध्ये सांगितलं की हा परका आहे, याला आत येण्याचा हक्क नाही. पण बाहेर पाठवायचं कुठे? घेणारा देश पाहिजे ना. राहिला मग तिथेच, 2013 ला व्हरमाँटमध्ये वारला, 91 वर्षांचा होऊन.

"म्हणजे जगला ना मस्त," पश्या म्हणाला, आवाज जरा खाली आला होता.

वकिलाने चहाचा ग्लास ठेवला. "जगशील तू पण. एक सांगायचं राहिलं, कलम 8 चं दुसरं पोटकलम. बापाने सोडलं की अज्ञान लेकराचं पण जाते. चिनू कितवीत आहे?"

"दुसरीत."

"अठरा झाली की एका वर्षाच्या आत तिने अर्ज करायचा, परत मिळते."

"आणि तोपर्यंत?"

वकील टपरीवाल्याशी हिशोब करत होता, चार चहा दोन खर्रे, त्याने काही उत्तर दिलं नाही. पश्याने तोंडातला खर्रा थुंकला, गाडीला किक मारली, मग बंद केली. "विक्की," म्हणे, "व्हिसाले बँक स्टेटमेंट सहा महिन्याचं लागते का वर्षाचं बे?"