फराळाचं पार्सल अडलं कुठे?

2025 मध्ये गणपतीच्या तोंडावर भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी पार्सलं घेणं थांबवलं. 25 ऑगस्टपासून आधी सामान बंद झालं, महिनाअखेरीला पत्रं, कागदपत्रं आणि 100 डॉलरच्या आतल्या भेटीही बंद झाल्या. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन होतं 21 ला. इथे न्यू जर्सीत ज्या घरांत दरवर्षी पोस्टाने फराळ येतो, त्यांना त्या दिवाळीला तो वेळेवर मिळणं जवळजवळ अशक्यच होतं.

त्या दिवसांत महाराष्ट्रातून फोनवर दोनच गोष्टी ऐकू यायच्या. ही अमेरिकेची दादागिरी आहे, आपणही त्यांचा माल अडवा, असं काहींचं म्हणणं. बाकीचे म्हणायचे, पोस्टाच्या नादी लागताच कशाला, कुरिअर करा. पहिल्या रागामागचं कारण मला कळतं. भारतीय मालावर 50 टक्के कर लागल्यावर तो यायचाच. पण पार्सल अडलं ते टपाल आणि कस्टम्स या दोन खात्यांच्या मधल्या जागेत, आणि तिथे काय बिघडलं याची चर्चा मला दोन्हीकडे फारशी दिसली नाही.

कुरिअर कंपनी पुण्यात खोकं उचलते, इथे तिचाच दलाल कस्टम्सचे कागद करतो, कर भरतो आणि तिचाच माणूस दारात येतो. टपालाचं पार्सल मात्र हातोहात जातं: भारतीय टपाल, विमान कंपनी, इथलं कस्टम्स, मग अमेरिकी टपाल. 1874 साली बर्नमध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघटनेच्या करारावर ही देवाणघेवाण चालते. परक्या देशाचा कर पाठवणाऱ्याकडूनच आधी वसूल करायची यंत्रणा आपल्या टपाल खात्याकडे नव्हती. 30 जुलै 2025 च्या आदेशाने अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतची करमाफी 29 ऑगस्टपासून काढून घेतली आणि कर गोळा करायची जबाबदारी वाहतूकदारांवर किंवा कस्टम्सने मान्य केलेल्या मध्यस्थांवर टाकली. हातात जेमतेम महिना होता. हिशोब कसा ठेवायचा, पैसे कुठे भरायचे, हेच स्पष्ट नसल्यामुळे विमान कंपन्यांनी टपाल घ्यायला नकार दिला.

यातली सर्वांत अन्यायाची गोष्ट अशी, की 100 डॉलरपर्यंतची खरी भेट त्या आदेशानंतरही करमुक्तच होती. म्हणजे आईने मुलीला पाठवलेल्या करंज्यांवर एक पैसा कर लागत नव्हता आणि तरी त्या येऊ शकत नव्हत्या, कारण त्यांना आणणारा वाहक उरला नव्हता. हे आपल्याच टपालाचं अपयश म्हणावं, तर जागतिक टपाल संघटनेच्या नोंदीनुसार 88 टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली होती आणि इथे येणारं टपाल आठवड्याभरात 80 टक्क्यांहून जास्त घटलं होतं.

इथे राहून दुसरी बाजूही दिसते. 2024 च्या आर्थिक वर्षात करमाफीखाली सुमारे 136 कोटी पार्सलं अमेरिकेत आली. फेंटानिलसारखं जीवघेणं अमली द्रव्य टपालातून येत होतं, म्हणून 2018 साली कायदा झाला की पार्सलाची माहिती आधीच संगणकावरून यायला हवी. ही मागणी मला रास्त वाटते. कस्टम्सला खोकं न उघडता आत काय आहे हे कळायचं, तर पाठवणाऱ्याने लिहिलेला मजकूरच कामाला येतो. आणि आपण काय लिहितो? ‘गिफ्ट’. ‘फूड आयटम’. ‘भाजणीची चकली, तांदूळ आणि डाळीच्या पिठाची, अर्धा किलो’ असं लिहायला काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने सांगितलं, तर पुढे अडचण कमी येते. घरी केलेला आणि करणाऱ्यानेच भेट म्हणून पाठवलेला खाऊ अमेरिकी अन्न विभागाला आगाऊ कळवावा लागत नाही, विकत घेतलेला कळवावा लागतो. हा फरक काउंटरवरच कुणीतरी सांगायला हवा.

कुरिअर करा म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तो सल्ला खिसा भरलेल्यांचा आहे. बचत गटातल्या बाईला दोन किलो चिवडा परदेशी पाठवायचा तर कुरिअरच्या दरात तिचा नफा संपतो. तिच्यासारखीसाठीच देशभरात हजारावर डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत, तिथे निर्यातीचे कस्टम्सचे कागद ऑनलाइन होतात. ऑक्टोबरमध्ये सेवा सुरू करताना आपल्या टपाल खात्याने एक चांगलं काम केलं: कर भारतातच भरून घ्यायचा, मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फत अमेरिकी कस्टम्सकडे पोचवायचा आणि त्यासाठी वेगळी फी घ्यायची नाही. 50 टक्के कर जड होता, पण इथे दारात अचानक बिल येण्याची भीती गेली. हे ऑगस्टच्या आधी तयार असतं तर? करमाफी जाणार याची चर्चा इथे कितीतरी आधीपासून चालू होती.

आपल्या नियमांकडेही बघायला हवं. डिसेंबर 2019 मध्ये भारताने टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटींची करसवलत बंद केली. सूट राहिली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला, राखीसोबतच्या भेटीलाही नाही. इथून आजीला स्वेटर पाठवला तर तिला पूर्ण कर भरावा लागू शकतो. अमेरिकेच्या 100 डॉलरच्या सवलतीतही फराळ का अडला, असं आपण विचारतो. मग आपल्याकडे येणाऱ्या भेटीला तेवढी तरी सवलत का नसावी, हेही विचारलं पाहिजे. चिनी दुकानांचा स्वस्त माल भेट म्हणून घुसत होता, हे तेव्हाचं कारण खरं होतं. पण विक्रेत्याचा माल आणि माणसाची भेट वेगळी ओळखायला आता आगाऊ माहिती हाताशी असते.

युरोपात 1 जुलै 2026 पासून ऑनलाइन विकलेल्या 150 युरोंच्या आतल्या पार्सलांवर दर वस्तूप्रकारामागे 3 युरो कर घ्यायचं ठरलं आहे. म्हणजे नियम बदलणं थांबणार नाही. आपल्याकडे टपाल खातं दळणवळण मंत्रालयाकडे, कस्टम्स अर्थ मंत्रालयाकडे. परदेशातल्या प्रत्येक नव्या नियमाची तारीख कळताच या दोघांनी एकत्र बसून तालुक्याच्या पोस्टापर्यंत मराठीत लेखी सूचना पोचवावी: काय लिहायचं, किती कर, कुठे भरायचा. पुढच्या बंदीपर्यंत थांबू नये.