नोबेलच्या पावडरीने टाकी भरत नाही

'नोबेल मिळालेली पावडर गच्चीवर ठेवा, हवेतून रोज टाकीभर पाणी' हा मेसेज सोलापुरात ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या घरांत तो आशेने वाचला जातो, म्हणून हा खुलासा.

नोबेलची बातमी खरी आहे. २०२५चे रसायनशास्त्राचे पारितोषिक कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळाले, ते धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र जाळ्यांसाठी. या जाळ्यांना एमओएफ म्हणतात. पोकळ्या इतक्या, की थोड्या ग्रॅमचा आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो!

पण एमओएफची ही पावडर पाणी तयार करत नाही. रात्री ती हवेतली वाफ धरते, उष्णता दिली की सोडते, आणि ती वाफ थंड करून गोळा करावी लागते. त्यासाठी यंत्र हवेच. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात एमओएफ-३०३ या प्रकाराने दिवसाला किलोमागे सुमारे ०.७ लिटर पाणी दिले. कोरड्या हवेतून एवढे मिळणे मोठेच यश आहे. पण त्या हिशेबाने पंधरा लिटरची एक घागर भरायला वीस किलोंहून जास्त पावडर लागेल.

तेव्हा या नावाने कोणी पुडी विकायला आला तर पैसे देऊ नका.