टेबलावरून उठा, पण नीट उठा

आज सकाळी एका गेमिंग ग्रुपवर एका जुन्याजाणत्या गेम मास्टरची (खेळ चालवणारा, म्हणजेच जीएम) पोस्ट वाचली आणि डोकं सटकलं. म्हणणं असं, की कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे गेमिंगच्या जत्रेत, आरपीजीच्या (एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या रोल-प्लेइंग गेमच्या) टेबलावर एकदा बसलात की चार तास संपल्याशिवाय उठायचं नाही. मधेच उठणं म्हणजे जीएमचा अपमान. खाली टाळ्यांचा पाऊस. वर एकाने ‘आजकालच्या पोरांना पेशन्सच नाही’ हेही टाकलं.

यांना आमच्या ओळखीतल्या त्या मुलीचं टेबल दाखवायला हवं होतं. पुण्याची मुलगी, नोकरी शिकागोला, पहिल्यांदाच इंडियानापोलिसला जेन कॉन या गेमिंग कन्व्हेन्शनला गेली. सहा जणांचं डी अँड डीचं (डन्जन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीचं) टेबल. जीएम आणि तिघे खेळाडू आपसातले जुने दोस्त. हिच्या हातात आधीच बनवून ठेवलेलं पात्र, क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा पुजारी. चार तासांत तिला प्रश्न एकच, “हीलिंग किती उरलंय?” दार कुठून उघडायचं, राजाशी काय बोलायचं, सगळं त्या चौकडीत ठरायचं. तरी पोरगी शेवटपर्यंत बसून राहिली. का, तर उठलं तर बरं दिसत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

जेन कॉन चार दिवसांचं. आरपीजीचा स्लॉट बहुतेकदा चार तासांचा, म्हणजे जेवणखाण धरून दिवसाला दोन स्लॉट झाले तरी पुष्कळ. विमानाचं तिकीट, हॉटेल, बॅज, इव्हेंटचं वेगळं तिकीट, एवढं करून माणूस तिथे पोचतो, आणि त्यातला अर्धा दिवस भिंतीकडे बघत काढायचा?

आता कोणी म्हणेल, जीएमनेही आठवडेच्या आठवडे तयारी केलेली असते, नकाशे छापलेले असतात, मिनिएचर बॅगेत भरून आणलेली असतात, आणि बहुतेक जण हे हौसेने करतात. हो, खरं आहे. म्हणूनच कसं उठायचं हे महत्त्वाचं. उठायचं की नाही, हा प्रश्नच नाही.

पहिल्या वीस मिनिटांत उठू नका. चार तासांच्या वन-शॉटमध्ये, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळात, पहिला अर्धा-पाऊण तास ओळखी, प्रीजेन (तयार पात्रं) वाटणं, नियम समजावणं यातच जातो. जीएमचा आवाज कापतोय, कागद सापडत नाहीयेत, एवढ्यावरून टेबल वाईट ठरत नाही. पहिला खरा प्रसंग होऊ द्या. एका तासात कळतं. एखादा नियम चुकतोय म्हणून तर उठूच नका, ते सगळीकडे चुकतात. तुम्ही बोललेलं जीएमच्या कानावर पडतंय का, तुमच्या पात्राला काही करता येतंय का, एवढंच बघा. ब्रेकमध्ये एकदा बाजूला घेऊन सांगूनही बघा, “माझ्या पात्राला थोडं काम द्याल का?” बऱ्याच जीएमच्या लक्षातच आलेलं नसतं, आणि सांगितलं की दुसऱ्या तासाला तेच टेबल झकास होतं.

नाहीच झालं, तर उठायची वेळ म्हणजे मधला ब्रेक, साधारण दोन तासांनी येणारा. ब्रेक जाहीर झाला नाही तर एखादा प्रसंग संपून पुढचा सुरू व्हायच्या आधी. इनिशिएटिव्ह टाकल्यावर, म्हणजे लढाईत कोणाची पाळी कधी हे फाशांनी ठरल्यावर, मात्र अजिबात नाही. सहा जणांची लढाई कन्व्हेन्शनच्या टेबलावर पाऊण तास सहज चालते, आणि जीएमने राक्षस किती ठेवायचे हे सहा जण धरून ठरवलेलं असतं. पाथफाइंडर या आरपीजीच्या संघटित खेळात, पाथफाइंडर सोसायटीत, तर टेबलावर किती जण, कोणत्या लेव्हलचे, यावरून चॅलेंज पॉइंट काढूनच सामना ठरतो. फायटर शून्य एचपीवर (हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा उरलेला जीव) पडलाय, जगतो की मरतो हे ठरवणारे डेथ सेव्ह टाकतोय, दोन फसलेत, आणि त्याच वेळी क्लेरिकवाला बॅग उचलून चालू पडला, तर मग शिव्या खाव्या लागतील, आणि त्या मीही घालीन.

जाताना पात्र सोपवून जायचं. हे कोणी करत नाही आणि यातच खरी सभ्यता आहे. कॅरेक्टर शीटवर किंवा एका चिठ्ठीवर लिहा: एचपी 24 पैकी 11. मंत्रांचे पहिल्या लेव्हलचे स्लॉट 4 पैकी 1, दुसऱ्याचे 2 पैकी 2 शिल्लक. चॅनेल डिव्हिनिटी (क्लेरिकची खास शक्ती) वापरून झालंय. ब्लेसचा मंत्र चालू, त्यावर कॉन्सन्ट्रेशन आहे. एवढं लिहिलं की जीएम ते पात्र एनपीसी (जीएमच्या हातातलं पात्र) म्हणून चालवू शकतो किंवा शेजारच्याच्या हातात देऊ शकतो. अर्धं मिनिट लागतं. शीट जीएमची असेल तर ती, आणि हातात आलेले हँडआउट, सगळं टेबलावर. विशेषतः कॉल ऑफ कथुलू या भयकथेच्या, तपासाच्या खेळात. पत्र, नकाशा, वर्तमानपत्राचं कात्रण तुमच्याकडेच राहिलं तर बाकीचे उरलेले दोन तास अंधारात चाचपडत बसतील. एरवी तो खेळ सोडायला सोपा, तपास करणारा माणूस घाबरून पळाला हे त्या गोष्टीत कधीही शोभतं. उलट फियास्कोसारख्या, जीएमच नसलेल्या खेळात फार जपून. तीन ते पाच खेळाडू, प्रत्येकाचं शेजाऱ्याशी नातं आधीच बांधलेलं, त्यातला एक निघाला की दोन्ही बाजूंची नाती लोंबकळतात. तिथे मांडणी चालू असतानाच उठा. ते हुकलं तर पहिला अंक संपून टिल्ट, म्हणजे गोष्टीला कलाटणी देणारा टप्पा, येतो, तेव्हा.

किती जण बसलेत तेही मोजा. सहातला एक गेला तर खेळाला धक्का लागत नाही. तिघांतला एक गेला तर खेळच बंद पडू शकतो, तेव्हा आधी जीएमच्या कानावर घाला. आणि चार मित्र एकत्र आला असाल तर चौघांनी एका दमात उठून वॉकआउट करायचा नाही. ज्याला जायचंय त्याने जावं.

बोलायचं किती? एक वाक्य. “मला हा खेळ जमत नाहीये, मी इथेच थांबतो, थँक यू.” बस. घरून फोन आला, पोट बिघडलं, असलं काही नको. तासाभराने बाहेर फूड ट्रकच्या रांगेत तोच जीएम तुमच्या मागे उभा असतो. आणि त्याला त्याच्या चुका समजावून सांगायला तर बसूच नका. खुर्ची आत सरकवा, फासे उचला, निघा.

मला विचाराल तर त्या पोरीने ब्रेकमध्ये अस्संच उठायला हवं होतं. ती शेवटचे दोन तास फोन बघत होती. कोणाला फायदा झाला? जीएमला? समोर तोंड पाडून बसलेला खेळाडू बघून चांगला जीएमही गडबडतो. अपमानच म्हणायचा तर रिकाम्या खुर्चीपेक्षा तो जास्त. आणि त्याहून वाईट म्हणजे तिकीट काढून टेबलाकडे न फिरकणारे. जागा सुटेल या आशेने दाराशी लोक ताटकळत असतात हो! यायचं नसेल तर तिकीट आधी परत करा. त्या पोस्टीत यांच्याबद्दल चकार शब्द नाही.

जीएम मंडळींनाही एक सांगतो, प्रेमाने. सुरुवातीलाच बोलून टाका, “दार उघडं आहे, कोणाला कधीही जावंसं वाटलं तर खुशाल जा, कारण विचारणार नाही.” याला ओपन डोअर म्हणतात आणि तो नवा शोध नाही. कोणी उठलं तर “ठीक आहे, भेटू” म्हणा आणि पुढचा प्रसंग चालू करा. उरलेल्या पाच जणांसमोर त्याची चर्चा नको.

वरचे सगळे नियम कंटाळवाण्या टेबलाचे. घाणेरड्या टेबलाला यातला एकही लागू नाही. 2019 मध्ये बर्मिंगहॅमच्या यूके गेम्स एक्स्पोत एका जीएमने खेळाडूंच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराचा प्रसंग लादला होता. आयोजकांनी त्याचे पुढचे खेळ रद्द केले, त्याच्यावर बंदी घातली आणि जाहीर माफी मागितली. अशा वेळी ब्रेकची वाट बघायची? चिठ्ठीवर एचपी लिहीत बसायचं? ‘चार तास उठायचं नाही’ म्हणणाऱ्यांनी हे टेबल डोळ्यांसमोर आणावं आणि मग पुन्हा बोलावं. जॉन स्टाव्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड (नकोसा प्रसंग थांबवायची खूण) टेबलावर असेल तर त्याला हात लावा. खेळ थांबला नाही किंवा कार्डच नसेल तर लढाईच्या मधोमध, वाक्याच्या मधोमध उठा. थँक यूसुद्धा नको. शेजारचा कोणी गप्प होऊन बसला असेल तर त्याला विचारा, “येतोस का?”

मग सरळ आयोजकांच्या डेस्कवर. इव्हेंटचा कोड, हॉलचं नाव, टेबल नंबर आणि वेळ सांगा, तिकिटाचा फोटो दाखवा. जमलं तर टेबलावरच्या आणखी एकाला सोबत न्या. हे त्याच दिवशी करा, कारण त्या जीएमचा पुढचा स्लॉट संध्याकाळीच असू शकतो. नुसता कंटाळा आला होता म्हणून मात्र डेस्कवर जाऊ नका, आणि पैसे परत हवे असतील तर जीएमकडे मागू नका, तिकीट कन्व्हेन्शनने विकलंय.