घर गेलं, भिंत आहे, आणि तिच्यात सिमेंट भरताहेत

आज सकाळी ग्राइंडरचा आवाज ऐकला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. इथे इंग्लंडमध्ये, गावाबाहेर एका जमीनदाराच्या जुन्या घराची जागा आहे. घर कधीच पाडलं. उरली ती भाजी-फळांच्या बागेभोवतीची विटांची भिंत, चांगली १२ फूट उंच. तिच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, ग्राइंडरने कापून आत सिमेंट भरणं चाललंय.

याच भिंतीत फाटकाजवळ सहा-सात फुटांचा पट्टा पूर्वी कुणीतरी सिमेंटने भरलेला आहे. जाऊन बघा एकदा. विटांची तोंडं सुटून पडलीत, अंगठा आत जाईल इतकी. मधल्या सिमेंटच्या रेघा मात्र मधाच्या पोळ्यासारख्या पुढे आल्यात. हाताने थापलेली वीट मऊ असते. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडायचं. ती वाट बुजवली की ते विटेतून निघतं, थंडीत तिथेच गोठतं, फुगतं आणि विटेचा पापुद्रा उडवतं. झिजायचं ते दरजेने. दरज पुन्हा भरता येते, त्या घाटणीची वीट आणणार कुठून? आपल्याकडे जुन्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा मारतात आणि मग पोपडे का धरले म्हणून विचारतात, तीच गत.

"घरच नाही, तर भिंत कशाला?" हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, घर मालकाचं होतं, भिंत माळ्यांची! दक्षिणेकडे तोंड असलेली बाजू पीच आणि जर्दाळूसाठी राखलेली. काही बागांत तर भिंत आतून पोकळ ठेवत. मागे भट्टी पेटवायची, ऊब नागमोडी धुराड्यातून भिंतभर फिरवायची, म्हणजे वसंतातल्या गोठवणाऱ्या रात्री मोहोर जळत नसे. दरजांत फांद्या बांधायचे खिळे. या भिंतीवर ते अजून आहेत. एका खिळ्याखाली शिशाची बारीक पट्टी आहे, फांदीभोवती वळवलेली. फांदी नाही, वळण तसंच आहे. ग्राइंडर हे सगळं कापत पुढे जातो.

नॉटिंगहॅमशायरमधलं क्लंबर बघा. ड्यूकचा महाल १९३८ मध्ये पाडला, पण ४ एकरांची भिंतबंद बाग आणि ४५० फूट लांबीचं काचघर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने जपलंय. आजही तिथे भाजी पिकते.

मान्य, चुन्याचं काम महाग पडतं आणि वेळ खातं. पण अवघड नाही हो. छिन्नी-हातोडीने दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करायची, निदान २५ मिलिमीटर. धूळ धुऊन भिंत ओली करायची. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि चुन्याची भुकटी होते. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग भरड, टोकदार कणांची वाळू. मऊ विटेला एनएचएल ३.५ च्या वरचा चुना नको (एनएचएल म्हणजे पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, अंक मोठा तितका तो कडक). लवकर धरावं म्हणून चिमूटभर सिमेंटही नको. मग आठवडाभर ओलं गोणपाट. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. आणि या सगळ्याच्या आधी भिंतीचं डोकं तपासा. वरचं कोपिंग, म्हणजे माथ्यावरचा झाकणाचा थर, सुटलं असेल तर खाली कितीही दरजा भरा, पाणी थेट गाभ्यात उतरतं. आयव्हीची वेल ओढू नका. बुंधा कापा, वाळू द्या. ओली ओढली तर चुना घेऊनच खाली येते.

कायद्यातली फटही ठाऊक असू द्या. मूळ घर संरक्षित यादीत असेल तर त्याच्या आवारातलं १ जुलै १९४८ पूर्वीचं बांधकाम त्यातच धरलं जातं. घर यादीत यायच्या आधीच पडलं असेल तर भिंतीची स्वतंत्र नोंद लागते. नसेल तर ती पोरकी.

दक्षिणेकडे तोंड असलेले चाळीसएक फूट अजून शिल्लक आहेत. खिळे त्याच बाजूला आहेत, आणि कामगारांची गाडी उद्या सकाळी परत येणार आहे. जवळ राहणाऱ्यांनी आज रात्रीच कौन्सिलच्या कन्झर्वेशन ऑफिसरला (जुन्या वास्तूंचं जतन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) मेल टाका. फाटकाजवळच्या त्या पट्ट्याचा फोटो जोडा, अगदी जवळून, शेजारी नाणं धरून.