माजी विद्यार्थी आणि एफए कप

मुलांच्या शाळांच्या माजी विद्यार्थी संघांवरचा लेख चांगलाय, पण हे संघ म्हणजे वार्षिक भोजन, देणग्या आणि देणगीदारांच्या नावाच्या पाट्या, एवढ्यावरच लेखकाने आवरतं घेतलंय. खेळाचं काय? इंग्लंडात या मंडळींनी चक्क एफए कप, म्हणजे तिथली फुटबॉलची मानाची स्पर्धा, जिंकलाय! ओल्ड इटोनियन्स म्हणजे इटन या सरदार-श्रीमंतांच्या शाळेचे माजी विद्यार्थी, १८७९ आणि १८८२ चे विजेते. मधे १८८१ साली चार्टरहाउस शाळेच्या ओल्ड कार्थुसियन्सनी अंतिम सामन्यात त्यांनाच ३-० असं लोळवलं. १८८२ चा सामना जिंकल्यावर कर्णधार लॉर्ड किनेर्ड लंडनच्या ओव्हल मैदानावर पॅव्हेलियनसमोर खाली डोकं वर पाय करून उभे राहिले म्हणतात. दाढीवाले, लांब पांढरी विजार घालून खेळणारे हे गृहस्थ पुढे फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष झाले, हे विशेष.

पण पुढच्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या क्लबने ओल्ड इटोनियन्सना जादा वेळेत २-१ ने हरवलं. ब्लॅकबर्नच्या संघात विणकर होते, प्लंबर होता, लोखंडाच्या कारखान्यातले कामगार होते. सामन्याआधी ते खास सरावासाठी समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जाऊन राहिले होते. सरदारपुत्रांना असला सराव म्हणजे कमीपणाच वाटत असणार! १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी मिळाली आणि माजी विद्यार्थ्यांच्या हाती तो कप पुन्हा लागला नाही. मग १९०२-०३ पासून त्यांच्यासाठी आर्थर डन कप ही वेगळी स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी तो कार्थुसियन्स आणि सॅलोपियन्स (श्रूझबरी शाळेचे माजी विद्यार्थी) यांच्यामध्ये विभागून द्यावा लागला.