नवा लॅपटॉप : निंदण करावे की मोडून पेरावे?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसाने चार दिवस उघडीप दिली, तेव्हा गावातील सगळे हात कपाशीच्या निंदणात गुंतले होते आणि संध्याकाळी पिंपळाच्या पारावर जमणाऱ्यांच्या बोलण्यातही तणाखेरीज दुसरा विषय नव्हता. अशा वेळी आमच्या शेजाऱ्यांची मुलगी नवा कोरा लॅपटॉप छातीशी धरून पारावर आली. तिला यंदा यवतमाळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. लॅपटॉप हप्त्यांवर घेतलेला, आणि ते हप्ते अजून बोंड न धरलेल्या पऱ्हाटीच्या भरवशावर बांधलेले, त्यामुळे त्याच्या तब्येतीची काळजी साऱ्या घराला होती. घेऊन जेमतेम चौथा दिवस उजाडला होता आणि तो आताच रखडत चालतो, अशी तिची तक्रार होती.

तिने झाकण उघडले, तसा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल चौकोन वर आला आणि संरक्षणाचे २६ दिवस उरल्याचे बजावू लागला. तो बंद केला, तर दोन मिनिटांनी कंपनीच्या मदतनीस सॉफ्टवेअरने नोंदणी करण्याचा आग्रह धरला. यादी उघडून पाहिली तेव्हा महिनाभराच्या बोलीवर आलेला अँटिव्हायरस, पत्त्यांचे दोन खेळ, फोटो सजवण्याचे अर्धवट सॉफ्टवेअर, खरेदीच्या एका संकेतस्थळाचे चिन्ह आणि कंपनीचे तीन मदतनीस निघाले. त्यांपैकी दोघांचे काम बॅटरी किती उरली एवढेच सांगण्याचे होते. काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये पाहता लॅपटॉप सुरू होतानाच आपोआप जागे होणारे अकरा जण सापडले, आणि काहीही उघडलेले नसताना ८ जीबी रॅमपैकी निम्म्याहून अधिक रॅम भरलेली होती. त्यातला मोठा वाटा विंडोजचा स्वतःचाच असतो हे खरे, पण बाकीचा वाटा या पाहुण्यांचा होता.

आमच्या सेतू केंद्रवाल्या भाऊंनी क्षणाचाही विचार न करता निकाल दिला, ‘‘फॉरमॅट मारून टाक. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कोरे विंडोज उतरव, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घे आणि डिस्कचे सगळे भाग (पार्टिशन) उडवून नव्याने टाक. विंडोजच्या परवान्याची किल्ली शोधायचीही गरज नाही. विंडोज ८ पासून ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे डिस्कबाहेर यंत्रातच कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेली असते, इन्स्टॉल होताना ती आपोआप वाचली जाते.’’

निवृत्त गुरुजींनी गणिताच्या तासाला करत तसाच प्रतिप्रश्न केला. ‘‘अरे बाबू, तण दिसले म्हणून तू पीक मोडून दुबार पेरणी करतोस काय? सेटिंग्जमध्ये जाऊन आठ वस्तू अनइन्स्टॉल करायला अर्धा तास लागतो. अँटिव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. उरलेले जे सुरुवातीलाच जागे होतात, त्यांना टास्क मॅनेजरमधून झोपवून ठेव. एवढ्यासाठी सगळे रान उकरायचे कशाला?’’

सेतूवाल्या भाऊंचे उत्तर मला पटणारे वाटले, म्हणून ते जरा विस्ताराने देतो. ते म्हणाले, की सगळे तण वरून उपटता येते असे नाही. कुंद्याची काशी जमिनीत खोल राहते आणि पुढच्या पावसाला पुन्हा फुटते. लेनोव्होने २०१४ च्या उत्तरार्धात विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचे सॉफ्टवेअर आधीच भरून दिले होते. ते ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानांत स्वतःच्या जाहिराती घुसवत असे, आणि कुलूप दिसणाऱ्या सुरक्षित पानांतही घुसता यावे म्हणून त्याने, कोणत्या संकेतस्थळांना खरे मानायचे हे ज्यावरून ठरते त्या विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले होते. त्याहून वाईट म्हणजे त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती उघडी पडली, तेव्हा ती हाती असलेल्या कोणालाही त्या लॅपटॉपपुढे बँकेचे खोटे पान खरे म्हणून उभे करता आले असते. ‘‘आणि आता ऐका, गुरुजी,’’ भाऊ म्हणाले, ‘‘ज्यांनी सुपरफिश रीतसर अनइन्स्टॉल केले, त्यांच्या लॅपटॉपमधून सॉफ्टवेअर गेले, पण प्रमाणपत्र तिथेच राहिले. तुमचे निंदण तिथे कमी पडले असते.’’ हे प्रकरण पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेले आणि २०१७ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

पार क्षणभर शांत झाला. गुरुजींनी चष्मा पुसला. त्यांनी पन्नाशीत एमएस-सीआयटी केले आणि तेव्हापासून ते संगणकाविषयी जे मिळेल ते वाचतात, हे भाऊ विसरले असावेत. ‘‘त्याच कंपनीची त्याच वर्षातली दुसरी गोष्ट तू गाळलीस,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘तिच्या काही मॉडेल्सच्या बायोसमध्येच, म्हणजे त्या फर्मवेअरमध्येच, एक सेवा बसवलेली होती. लोक डिस्क कोरी करून विंडोज नव्याने टाकत आणि पहिल्यांदा लॅपटॉप सुरू होताच ती सेवा कंपनीचे सॉफ्टवेअर पुन्हा आणून बसवी. फर्मवेअरमध्ये ठेवलेला प्रोग्राम सुरू होतानाच चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ८ पासून दिलेली आहे. चोरी गेलेला लॅपटॉप शोधण्यासारख्या कामासाठी ती असली, तरी तिचा उपयोग कोण कसा करील हे आपल्या हातात नसते. शेवटी कंपनीला बायोसचा अपडेट काढूनच ते बंद करावे लागले. मग तुझा फॉरमॅट तिथे काय करणार होता?’’

यावर भाऊंनी मान्य केले, की फर्मवेअरपर्यंत पेनड्राइव्हचा हात पोहोचत नाही. तरी असे प्रकार क्वचित घडतात, आणि बहुतेक केर डिस्कवरच असतो, या मुद्द्यावर ते ठाम राहिले. तेवढ्यात मुलीने विचारले, ‘‘दादा, सेटिंग्जमध्येच रीसेटचे बटण आहे, त्याने नाही का होणार?’’ या एका प्रश्नाला मात्र दोघांनी एका सुरात नकार दिला. विंडोजमधून केलेला रीसेट कित्येकदा लॅपटॉप दुकानातून आला होता त्याच अवस्थेला नेऊन ठेवतो, कारण आपल्या वस्तू परत आणण्याची सोय कंपनीने त्याच डिस्कवर करून ठेवलेली असते. तासभर वाट पाहावी आणि अखेर पत्त्यांचे तेच दोन खेळ समोर यावेत, असा तो प्रकार आहे.

मी तोवर गप्प होतो, कारण या बाबतीत माझे हात आधीच पोळलेले आहेत. काही वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप मी तालुक्याच्या गावातील एका दुकानात फॉरमॅटला दिला होता. दुकानदाराने तासाभरात ‘नवीन विंडोज’ टाकून दिले आणि मी खुशीत घरी आलो. पुढे डिफेंडर रोज एका फाइलीवर बोट ठेवू लागला, तेव्हा कळले, की माझ्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये होम आवृत्तीची अस्सल किल्ली असताना त्याने आपल्या नेहमीच्या पेनड्राइव्हवरून प्रो आवृत्ती टाकली होती आणि ती चालू राहावी म्हणून कुलूप फोडणारा एक प्रोग्राम सोबत ठेवला होता. म्हणजे विकत घेतलेले विंडोज काढून मी पैसे देऊन चोरीचे घेतले होते. म्हणून मी पारावर एवढेच म्हणालो, की कंपनीचा केर नको म्हणून विंडोज नव्याने टाकायचे असेल, तर आधी पेनड्राइव्ह कोणी आणि कशातून बनवला ते विचारा. माझ्या लॅपटॉपमध्ये कंपनीने ठेवलेल्या खेळांपेक्षा त्या दुकानदाराची ती एक फाइल कितीतरी अधिक घातक होती.

माझी दुसरी फजिती नंतरची आहे. शहाणा होऊन मी स्वतःच अधिकृत पेनड्राइव्ह बनवला आणि एका नातलगाच्या लॅपटॉपमध्ये लावला, तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे आजची डिस्क, एका वेगळ्या नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवर हाताने ठेवून इन्स्टॉलरला दाखवावा लागतो. तो मिळवून पुढे गेलो, तर विंडोज ११ इंटरनेट मागू लागले आणि वायफायचा ड्रायव्हर तर अजून यायचाच होता. शेवटी मोबाईल केबलने जोडून त्याचा डेटा पुरवला, तेव्हा गाडी हलली. शहरात हे अर्ध्या तासाचे काम असेल. आमच्या गावी दिवसाला दोन जीबी डेटा मिळतो आणि विंडोजची फाइलच पाच जीबीहून मोठी असते, शिवाय टाकून झाल्यावरचे अपडेट निराळे. भाऊंच्या केंद्रात फायबर आहे, म्हणून त्यांना हा हिशेब जाणवत नाही.

भाऊंनी एवढे ऐकून घेतले आणि वादाची दिशा बदलली. या लॅपटॉपमध्ये ठेवण्यासारखे तरी काय आहे ते सांगा, असे ते म्हणाले. गुरुजींनी लगेच कंपनीच्या तिसऱ्या मदतनिसावर बोट ठेवले. त्यात बॅटरीचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय होती. लिथियमची बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि वर तापलेली राहिली, तर लवकर बसते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि होस्टेलच्या खोलीत लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लटकलेला असतो. बायोसचे अपडेटही त्याच सॉफ्टवेअरमधून येत होते. कोरे विंडोज टाकल्यावर ते कंपनीच्या साइटवरून पुन्हा आणता येते, हे भाऊंचे म्हणणे बरोबर होते, पण आणायचे आठवले तर. लॅपटॉपसोबत आलेल्या ऑफिसचे मात्र दोघांनीही बजावले, की काहीही करायचे असो, त्याचा परवाना आधी तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्यावा. एकदा जोडला, की ऑफिस पुन्हा उतरवता येते.

माझे मत विचाराल तर ते गुरुजींकडे झुकते. नव्या लॅपटॉपचे आधी निंदण करावे, आठवडाभर वापरून पाहावे आणि तरीही तो रखडला किंवा त्यात काही संशयास्पद दिसले, तरच मोडून पेरावे. पण त्याला भाऊंची एक अट मी जोडीन, आणि ती म्हणजे प्रमाणपत्रांची यादी एकदा तरी उघडून पाहण्याची. ती त्यांनी तिथेच उघडायला लावली आणि एकेक नाव वाचून काढले. खटकणारे त्यांना काही सापडले नाही, याचे त्यांना किंचित वाईट वाटल्याचे मला दिसले.

आमचे हे चालू असताना मुलीने मांडीवर लॅपटॉप घेऊन निम्मी यादी रिकामी केली होती. अँटिव्हायरसने जाता जाता तीनदा विचारले, की खरेच काढायचे काय, आणि तिसऱ्यांदा तिने ‘‘हो रे बाप्पा’’ असे मोठ्याने उत्तर दिले. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तेव्हा डिफेंडरच्या चिन्हावर हिरवी खूण होती आणि लाल चौकोन आला नाही. भाऊंनी उद्या केंद्रात तिच्याच नव्या पेनड्राइव्हवर, तिच्यासमोर, मायक्रोसॉफ्टच्या साधनातून विंडोज घालून द्यायचे कबूल केले. वायफायचा आणि डिस्कचा ड्रायव्हरही त्यातच ठेवायचा आणि तो पेनड्राइव्ह होस्टेलच्या पेटीत पडून राहू द्यायचा, असे ठरले.

यादीत शेवटी दोन नावे अशी उरली, की ती कशाची आहेत हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. एक आवाजाच्या ड्रायव्हरशी संबंधित दिसत होते आणि दुसऱ्यावर तर नुसती अक्षरे व आकडे होते. मुलीचे बोट अनइन्स्टॉलवर गेले, तसे गुरुजींनी हात वर केला. ‘‘थांब माय, घाईत निंदताना पऱ्हाटीचेच रोप उपटले जाते.’’ तिने बोट मागे घेतले. भाऊंनी खिशातून पेन काढून ती दोन्ही नावे तळहातावर उतरवून घेतली आणि केंद्र उघडायला निघून गेले.